कोमट म्हणजे किती

ये, अशी जवळ सरक. दाराशी बसलीस तर माझं अर्धं बोलणं वाराच घेऊन जाईल. आज तुला एका तारेची गोष्ट सांगते. साधीसुधी तार नव्हे हं. गार असली की मऊ, वाकवशील तशी वाकते. आणि ऊब लागली की हिला आपलं मूळ रूप आठवतं, मग कुणी काही म्हणो, ही तशीच होऊन बसते. देवानं माणसाला मन देताना हात झटकले असतील, त्यातलं चिमूटभर या तारेवर पडलं असेल, असं मला आपलं वाटतं. त्या तारेपायी दोन चांगली शहाणी माणसं कशी वेड्यासारखी वागली, ते ऐक. मध्ये उठू नकोस म्हणजे झालं.

तर एक मुलगी होती. लाँड्रीत वाफेची इस्त्री करायची. कोट, चादरी, लग्नातले झगे—काहीही द्या, तिच्या हाताखालून गेलं की नव्यासारखं. घरी तिला सगळे ठमी म्हणत. ठेंगणी, ठसकेबाज, आणि चौकशा करण्यात एक नंबर. एखादी गोष्ट कशी चालते हे कळलं नाही, तर तिला जेवण गोड लागत नसे.

त्या दिवशी थंडीतला चुकार पाऊस भुरभुरत होता. पडावं की नाही, त्याचं त्यालाच ठरत नव्हतं. ठमी चष्म्याच्या दुकानात उभी होती, कारण तिचे बाबा आपल्याच चष्म्यावर बसले होते. दुकानदार आत काहीतरी शोधत होता, आणि शेजारी एक उंच माणूस मांडणीतली एक फ्रेम घेऊन तिची काडी बोटाला गुंडाळत होता. अगदी केसांची बट गुंडाळावी तशी.

ठमीला राहवलं नाही. "अहो... मोडेल ती."

"तेच बघतोय," तो म्हणाला. "मोडत नाहीये."

त्यानं बोट सोडवलं. काडी टुणकन सरळ. जसं काही झालंच नाही.

ठमीनं ती फ्रेम त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. स्वतः पिळून पाहिली. सोडली. पुन्हा सरळ.

"रबर आहे?"

"धातू आहे. दोन धातूंचं मिश्रण. पण आठवण असलेला धातू."

"धातूला कसली आलीय आठवण?"

"माणसांपेक्षा बरी असते," असं म्हणून तो हसला, आणि हसता हसता पटकन तोंडावर हात धरला. पण ठमीच्या नजरेतून काही सुटायचं नाही. दातांवर काहीतरी चमकलं होतं.

"तुमच्या दातांवर तार आहे," ती म्हणाली.

"माहितेय मला."

"या वयात?"

"लहानपणी दातांच्या डॉक्टरांकडून पळून आलो होतो. आता अशा तारा आमच्याच कारखान्यात होतात म्हटल्यावर पळणार कुठे?" त्यानं हात किंचित खाली घेतला. "हीसुद्धा त्याच जातीची. गार पाणी प्यालं की सैल पडते, दातांना बरं वाटतं. तोंडाची ऊब लागली की परत कामाला लागते, ओढायला. गरम चहा घेतला तर विचारूच नका."

"आणि ही फ्रेम? हिला तर कुणी तापवली नाही."

आता तो जरा थांबला. असं नेमकं विचारणारं माणूस त्याला बऱ्याच दिवसांत भेटलं नसावं. "हिचं मिश्रण वेगळं. हिला दुकानातली ऊबसुद्धा पुरते, म्हणून ही कायम आठवणीतच असते. मिश्रण एवढंसं बदललं," त्यानं चिमटीत हवा पकडून दाखवली, "की कुठल्या उबेला जागं व्हायचं ते बदलतं. एक तार बर्फाबाहेर काढली की जागी होते, एक उकळत्या पाण्यात."

ठमी गप्प झाली. तिचं गप्प होणं म्हणजे काय, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.

"मग," ती हळूच म्हणाली, "अंघोळीच्या पाण्यात जागी होणारी असते?"

---

आता ती असं का विचारत होती ते सांगते.

ठमीचे बाबा म्हणजे गोड गळ्याचा माणूस. प्रार्थनेच्या सभेत उभे राहून गाऊन निरूपण करायचे. अर्धं बोलणं, अर्धं गाणं, आणि मध्येच असा काही विनोद की मागच्या रांगेतले पेंगणारेसुद्धा जागे. मला तर अशा माणसाच्या पायाशी बसून जन्म काढावासा वाटतो. पण साखरेच्या आजारानं त्यांच्या पायांची जाणीव गेली होती. खडा टोचला तरी कळेना, पाणी चटका देतंय तेही कळेना. आधीच्या थंडीत गिझरचं पाणी अचानक तापलं आणि डावं पाऊल भाजलं. निदान घरात सगळे तसंच म्हणत, की अचानक तापलं. डॉक्टरांनी सांगून टाकलं, पुन्हा भाजलं तर पाऊल वाचेल असं मी म्हणत नाही.

दादा, म्हणजे ठमीचा मोठा भाऊ, दुसऱ्या गावी नोकरीला. त्यानं वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. तिथे अंघोळीला मदतीचा माणूस असतो म्हणे. "मी पुढच्या फेरीला येईन तेव्हा इथली सोय नीट दिसली नाही, तर बाबांना घेऊन जाईन," असं तो फोनवर म्हणाला होता. तो काही वाईट नव्हता गं. घाबरला होता.

आणि बाबा म्हणत, "अंघोळीला माणूस? मी काय पाळण्यातलं बाळ आहे? माझी अंघोळ आणि माझा देव, दोन्ही ठिकाणी तिसरं माणूस नको." बाबा गायचे ते तिथेच आता. सभेत उभं राहवत नसे. बंद दाराआड, बादलीशेजारच्या स्टुलावर बसून, मोकळ्या गळ्यानं गायचे. ते घर सुटलं तर ते गाणंही सुटणार, हे ठमीला कळत होतं. म्हणून रोज कामाला जायच्या आधी ती स्वतः बादली भरायची, पाण्यात हात घालून बघायची आणि मग "बाबा, कोमट आहे हं," असं सांगून दार ओढून घ्यायची.

हे सगळं तिनं चष्म्याच्या दुकानात त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. का सांगितलं, तिचं तिला कळेना.

तो म्हणाला, "असा व्हॉल्व्ह असतो. आम्हीच त्याच्या स्प्रिंगा करतो. मी... येऊन बसवून देऊ का?"

"नळ दुरुस्त करता तुम्ही?"

"मी नळवाला नाही. स्प्रिंगवाला."

"बरं, नळवाले," ठमी म्हणाली. "मग कधी येताय?"

---

तो सुट्टीच्या दिवशी आला, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि केस पावसानं कपाळाला चिकटलेले. काम करायच्या आधी ठमीनं त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "आधी दाखवा. मग बसवा."

त्यानं खिशातून एक इवलीशी स्प्रिंग काढली. दोन वाट्या मागितल्या. एकीत गार पाणी, एकीत गरम. गार पाण्यातून काढलेली स्प्रिंग त्यानं दोन बोटांनी चेपली. ती बिचारी चेपून तशीच राहिली, रुसल्यासारखी. मग गरम पाण्यात सोडली... आणि ती अंग ताणून उभी राहिली.

ठमीनं तो खेळ पुन्हा करायला लावला. मग स्वतः केला. मग बाबांना हाक मारली.

"पण आत काय होतं?" तिनं विचारलं. "म्हणजे आठवतं कुणाला? कुठे?"

"कारखान्यात हिला या आकारात बांधून भट्टीत घालतात. लालबुंद उबेत हिचे कण आपापली जागा धरतात. नंतर गारठलं की ते कण एका बाजूला कलतात. तेव्हा वाकवलं तर वाकतात, पण आपला शेजारी कुणी सोडत नाही. ऊब आली की..."

"की पुन्हा ताठ," बाबा मध्येच म्हणाले. ते दाराला टेकून उभे होते. "म्हणजे आमची सभाच की. थंडीत सगळे एकमेकांवर रेललेले, कुणाची मान याच्या खांद्यावर, कुणाची त्याच्या. पण शेजार सुटलेला नसतो. पद रंगलं, अंगात ऊब आली, की सगळी रांग आपापल्या जागी ताठ."

स्प्रिंगवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. "बाबा, हे मला कारखान्यात कुणी इतकं नीट सांगितलं नाही."

"मग येत जा," बाबा म्हणाले. "आणखी सांगीन."

ठमी चहा ठेवायला वळली. उगाच नाही हं वळली; चेहरा झाकायचा होता.

व्हॉल्व्ह बसला. गरम आणि गार पाण्याचे पाइप जिथे भेटतात, तिथे मुठीएवढं पितळी भांडं. "आत दोन स्प्रिंगा आहेत," तो सांगू लागला. "एक ही आठवणीची, एक साधी पोलादी. पाणी बेताचं असलं की पोलादी जिंकते, गरम पाण्याची वाट उघडी राहते. जास्त तापलं की हिला जाग येते, ही पोलादीला रेटते आणि गरम पाण्याची वाट बंद."

"म्हणजे घरातल्या दोघींचं भांडण."

"हो. आणि दोघी भांडतात म्हणून बाबांचे पाय शाबूत."

ठमीनं चहाचा पेला पुढे केला. त्यानं कडेला बोट लावलं आणि पेला खाली ठेवला. "राहू दे जरा. दातांवरची तार ओढते." ठमी समोर बसून दोन्ही तळव्यांत आपला पेला धरून घुटके घेत होती. तो तिच्या हातांकडे बघत होता. पण बघायचं ते नाही बघितलं त्यानं. प्रेमात पडू लागलेलं माणूस हात बघतं ते बांगडी आहे का, अंगठी आहे का, हे बघायला.

---

चार दिवस गेले नाहीत तोच कारखान्यात फोन.

"नळवाले, तुमची स्प्रिंग आळशी आहे. पाणी गार येतंय."

तो आला. तापमापी बुडवली. काटा जिथे असायला हवा तिथेच. हात घालून पाहिला. छान कोमट. त्यानं ठमीकडे पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी, कपाळावर घामाचे बारीक थेंब, डोळे त्याच्यावर रोखलेले.

आणि इथे या शहाण्या माणसाच्या डोक्यात काय आलं असेल? त्याला वाटलं... हिनं निमित्त काढलं. पाणी गार नाहीच. हिला मला बोलवायचं होतं.

छाती अशी फुगली त्याची. आता तापमापी दाखवून 'पाणी ठीक आहे' म्हटलं तर बिचारीची फजिती होईल, आणि पुढच्या वेळी ती बोलावणारही नाही. म्हणून त्यानं तापमापी खिशात टाकली आणि म्हणाला, "हो... जरा गारच वाटतंय खरं."

"बघा. मी म्हटलं नव्हतं?"

"या टोपणाखाली स्क्रू असतो. इकडे फिरवला की पोलादी स्प्रिंगचा जोर वाढतो, पाणी थोडं जास्त तापू देते." त्यानं टोपण काढलं, स्क्रूला नुसता स्पर्श केला, फिरवल्यासारखं केलं, टोपण लावलं. "झालं."

ठमीनं हात घालून पाहिलं आणि नाक मुरडलं. "फारसा फरक नाही."

"मग... परत येऊन बघावं लागेल."

"यायचंच असेल तर या," ती म्हणाली. "पण काम करा."

तिला काय वाटत होतं ते ऐक आता. तिला वाटत होतं, हा मुद्दाम अर्धवट काम करतोय, परत यायला मिळावं म्हणून. मनातून राग यायला हवा होता. येत नव्हता. लाँड्रीत इस्त्री फिरवता फिरवता तिला उगाच हसू यायचं, आणि मालकीणबाई म्हणायच्या, "कॉलरकडे बघ गं, कॉलर हसत नाहीये."

तो आणखी दोनदा आला. प्रत्येक वेळी पाणी 'जरा गार' निघालं. प्रत्येक वेळी स्क्रूला बोट लागलं आणि स्क्रू जागचा हलला नाही. काम कमी, गप्पा जास्त.

"तुमची तार कधी निघणार?" एकदा तिनं विचारलं.

"दात सरळ झाले की. का?"

"हसताना हात धरता तोंडावर. मला अर्धंच हसणं दिसतं."

तो चाचरला. "पूर्ण बघितलंत तर... पळून जाल."

"मी लाँड्रीत काम करते. डागांना घाबरत नाही."

मग मात्र फोन येईना. एक आठवडा, दुसरा... तक्रार नाही. त्याला चैन पडेना. पाणी अचानक बरं कसं झालं? की बोलवायची इच्छाच गेली? शेवटी एका सकाळी कामावर जायच्या आधी तो असाच, विनाकारण, तिच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

दार बाबांनी उघडलं. खांद्यावर टॉवेल, चेहऱ्यावर हसू. "या. आज दादा येतोय आमचा संध्याकाळी. म्हटलं, आधी स्वच्छ होऊन बसावं. ठमीनं पाणी काढलंय."

आतून बादलीत धार पडल्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "बघू तरी, कसं चालतंय," आणि बाबांच्या पुढे होऊन न्हाणीघरात शिरला. ठमी वाकून बादलीत हात फिरवत होती. त्यानंही सहज बोटं बुडवली...

आणि चटका बसल्यासारखी बाहेर ओढली. बसल्यासारखी नाही. चटका बसलाच होता.

"बाबा, थांबा तिथेच," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण बाबा थांबले.

"काय झालं?" ठमीचा हात अजून पाण्यातच. "आता कुठे छान कोमट लागतंय. तुमच्याच्यानं होईना म्हणून मीच रोज थोडाथोडा स्क्रू फिरवत होते. आज चांगला फिरवला."

तो तिच्या हाताकडे बघत होता. वाफ निघणाऱ्या पाण्यात निवांत फिरणाऱ्या हाताकडे. मग त्यानं खिशातली तापमापी काढली आणि बुडवली. काटा चढत गेला. चाळीस ओलांडून, पन्नास ओलांडून...

"हात काढा," तो म्हणाला. "प्लीज."

तिनं काढला. तळवा लाल झालेला, पण तिला काही वाटत नव्हतं. वाफेपाशी इतकी वर्षं काढलेले ते हात. ओली चादर तापल्या पट्ट्याखालून ओढणारे, इस्त्री तापली का ते बोटानं बघणारे. त्यांना कोमट म्हणजे किती, याचा कधीचाच विसर पडला होता.

"पण मग आधी," ती म्हणाली, "आधी तुम्हीही म्हणालात ना, गार आहे म्हणून? दर वेळी म्हणालात."

"खोटं बोललो."

"का?"

"पाणी ठीक होतं. पहिल्या दिवसापासून ठीक होतं. मला वाटलं... तुम्ही मला बोलवायला निमित्त काढताय." त्याचे कान लाल झाले होते. "आणि मला यायचं होतं. म्हणून मीही... स्क्रू मीच दाखवला. हे माझ्यामुळे झालं."

पण ठमी त्याच्या चुकीपाशी थांबलीच नव्हती. ती पुढे गेली होती, किंवा मागे म्हण. ती स्टुलावर बसली. "मागच्या थंडीतही," ती म्हणाली, "पाणी मीच बघितलं होतं."

त्यानं बादली तिच्यापासून दूर सरकवली.

"गिझर अचानक तापला नव्हता. असंच होतं पाणी. या हातानं बघितलं मी... आणि म्हटलं, बाबा, कोमट आहे."

---

बाबा दाराशी येऊन उभे राहिले होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतला आणि उंबऱ्यावर, तिच्यासमोर, हळूच टेकले.

"मला ठाऊक होतं गं," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी पाय भाजला, तेव्हा पायाला नाही कळलं. पण हाताला कळतं ना माझ्या. पाऊल आधीच पाण्यात सोडलं होतं, नंतर तांब्या उचलला तेव्हा कळलं. मग मी रोज काय करायचो... तू दार ओढून गेलीस की गार पाण्याची तोटी सोडायचो आधी. हाताला सोसेल इतकं झालं की मग गायला सुरुवात."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा कधी पाण्यात हात घातला असतास? तू सकाळी उठतेस, कामाची घाई, तरी आधी माझं पाणी बघतेस. 'कोमट आहे हं' म्हणतेस. त्या बोलण्याची ऊब मला पुरायची. पाण्याचं काय, पाणी गार करता येतं."

ठमीनं तोंड ओंजळीत लपवलं.

"आता मात्र चूक माझी," बाबा स्प्रिंगवाल्याकडे वळले. "तुमची ही कळ बसली, आणि मी गार पाणी घालणं सोडलं. म्हटलं, आता कळ बघून घेईल. आज तुम्ही आला नसतात तर..."

त्यांनी आपल्या पावलांकडे पाहिलं.

स्प्रिंगवाला खाली बसला, टोपण काढलं आणि या वेळी स्क्रू खरंच फिरवला. तापमापी बघत, एकेक पाऊल मागे. शेवटी टोपणाच्या जागी असं झाकण बसवलं, की हत्याराशिवाय उघडणारच नाही. मग पिशवी उचलून निघाला. दारात म्हणाला, "दादांना मी सांगतो. चूक माझी होती म्हणून."

"नाही," ठमी म्हणाली. "मी सांगेन. माझं मी."

---

संध्याकाळी दादा आला. ठमीनं त्याला चहासुद्धा घेऊ दिला नाही आधी. सगळं सांगितलं, मागच्या थंडीपासून आज सकाळपर्यंतचं. हे ऐकून दादा बाबांना घेऊन जाईल, आणि आपल्याला 'नको' म्हणायला तोंड उरणार नाही, हे तिला कळत होतं. तरी सांगितलं. लपवून राखलेलं घर राखल्यासारखं नसतं, असं तिच्या बाबांच्याच एका निरूपणात होतं.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हात बघू."

तिनं पुढे केले. त्यानं तळव्यावरून अंगठा फिरवला. लहानपणी पट्टी खाऊन आली की फिरवायचा तसा. "तू इतकी वर्षं हे हात घेऊन बाबांचं सगळं करतेस, आणि मी फोनवरून खोल्या बघतोय," तो म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली दादानं भरली. तापमापी त्यानंच बुडवली. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून पाहिला, गार पाणी बंद करून पाहिलं. गार पाणी बंद होताच धार बारीक झाली आणि थांबली. दादानं परत सोडलं, परत बंद केलं. ठमीचाच भाऊ तो, खेळ थांबेना.

"अरे, मला अंघोळ करायचीय," बाबा मागून म्हणाले.

दार लागलं. कडी पडली. बाहेर बहीणभाऊ भिंतीला टेकून उभे. पहिल्यांदा नुसतं पाणी ऐकू आलं... मग खाकरणं... मग गाणं. खर्जातून वर चढत जाणारं, मध्येच थांबून स्वतःशी बोलणारं, पुन्हा चढणारं.

बाबा बाहेर आले तेव्हा दोन्ही पावलं त्यांनी पुढे करून दाखवली, परीक्षेला बसल्यासारखी. दादानं खाली वाकून बघितली. मग उठून फोन हातात घेतला आणि कुणाला तरी म्हणाला, "ती खोली... नको आता. दुसऱ्या कुणाला द्या."

---

सगळं झालं, पण स्प्रिंगवाला काही आला नाही. यायला तोंड नव्हतं त्याला. आणि पाणी बिघडत नव्हतं.

म्हणून ठमीच गेली. सुट्टी मागून, इस्त्री केलेली ओढणी घेऊन, कारखान्यात. भट्टीजवळ तो तारा बांधत होता. तिला बघून हातातली तार सुटली.

"पाणी... काही बिघडलं का?"

"पाणी ठीक आहे. मीच बिघडलेय." ती त्याच्या समोरच्या बाकावर बसली. "एक विचारायचं होतं. तुम्हाला वाटलं ना, मी निमित्त काढत होते?"

"चूक झाली. माफ करा. मी उगाच..."

"पहिल्यांदा फोन केला तेव्हा खरंच पाणी गार वाटलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदाही वाटलं होतं. पण दुसऱ्यांदा फोन करायच्या आधी मी केस विंचरले होते."

तो तोंडावर हात न्यायला विसरला. तिला पहिल्यांदाच त्याचं पूर्ण हसणं दिसलं. ती पळाली नाही.

मग त्यानं, बराच वेळ धीर गोळा करून, तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"तुझा हात," ठमी म्हणाली... बघ, अहो-जाहो कुठे गळून पडलं तिचं तिला कळलं नाही... "गार आहे की गरम, मला खरंच कळत नाहीये. आजारच आहे तो मला."

"मग किती वेळ धरायचा, हे कसं कळणार तुला?"

"तू सांग ना. तुला कळतं."

"मी नाही सांगणार," तो म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं नाही. मी ऐकलंय, अजूनही सांगितलेलं नाही.

झाली गोष्ट. आता उठशील, आपल्या कामाला लागशील. जाताना एकच कर. दार ओढून घेतल्यावर हळूच गार पाण्याची तोटी सोडणाऱ्या त्या बाबांना आठव. पोरीच्या हाताची चूक पोटात घालून रोज मोकळ्या गळ्यानं गाणारा माणूस होता तो. तुला जमेल तशी, तुझ्या देवापुढे, त्याची आठवण काढ.